न्यूमोनियाचा दुसरा घाव

विषाणू दार फोडतो आणि जिवाणू घर लुटतो, असे न्यूमोनियाबाबत थोडक्यात म्हणता येईल. इन्फ्ल्युएन्झाचा विषाणू श्वासमार्गाचे अस्तर उद्ध्वस्त करतो. मग एरवी घशात निमूटपणे राहणारे जिवाणू फुफ्फुसात उतरतात. ताप ओसरतो, रोगी उठून बसतो आणि काही दिवसांतच पुन्हा तापाने फणफणतो. १९१८ च्या साथीने भारतात किमान सव्वा कोट माणसे नेली, असा अंदाज आहे. त्या साथीतील मृतांच्या फुफ्फुसांचे अमेरिकेत जपून ठेवलेले नमुने २००८ साली पुन्हा तपासण्यात आले, तेव्हा बहुसंख्य बळी या दुसऱ्या घावाचेच असल्याचे दिसले. त्या काळी पेनिसिलिन नव्हते. आज प्रतिजैविके आहेत. मग प्रश्न सुटला काय?

सुटला नाही, त्याचे रूप पालटले. अतिदक्षता विभागात श्वसनयंत्राची नळी रोग्याला जगविते. पण तीच नळी घशातील आणि रुग्णालयातील जिवाणूंना फुफ्फुसाची वाट करून देते. २०२० साली कोविडच्या पहिल्या लाटेत भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने देशातील दहा रुग्णालयांतील १७,५३४ रुग्णांची पाहणी केली. त्यांपैकी अवघ्या ३.६ टक्के रुग्णांना जिवाणूंचा वा बुरशीचा दुसरा संसर्ग झाला. परंतु एकूण रुग्णांतील मृत्यूचे प्रमाण १०.६ टक्के असताना या मूठभरांत ते ५६.७ टक्के होते. सारे खापर जंतूंवर फोडता येणार नाही, कारण अधिक अत्यवस्थ रोगीच तेथे अधिक दिवस राहतात. तरीही दोन गोष्टी स्पष्ट होतात. दुसरा संसर्ग विरळा आहे; पण झाला तर तो प्राणघातक ठरू शकतो.

व्यवहार मात्र उलटा झाला. संसर्ग थोड्यांना असताना प्रतिजैविके सरसकट दिली गेली. प्रतिजैविकाची परिणामकारकता ही गावाच्या गायरानासारखी सामाईक मालमत्ता आहे. प्रत्येकाने वाटेल तशी गुरे सोडली, तर गायरान उजाड होते. क्लेबसिएला, ॲसिनेटोबॅक्टर यांसारखे रुग्णालयातील जिवाणू आज अनेक औषधांना दाद देत नाहीत. उधळपट्टी एकाने करावी आणि किंमत दुसऱ्याने मोजावी, असा हा हिशेब आहे.

ही किंमत मोजणारा कोण, हे जिवतीकडे पाहिले म्हणजे कळते. माणिकगडच्या डोंगरावरील हा कोलाम-गोंडांचा तालुका तेलंगणाच्या सीमेला भिडलेला आहे. तेथील अत्यवस्थ रोग्याला घाट उतरून गडचांदूर, राजुरा ओलांडून चंद्रपूर गाठावे लागते. चंद्रपुरात २०१५ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, ही जमेची बाजू. पण मजुरी बुडवून, गाडीभाडे उसनवारीने उभे करून येणारा माणूस उशिराच पोचणार. त्याला महागडे औषधही लागू पडले नाही, तर दुष्काळात तेरावा महिना!

उपाय मोठे नाहीत, चिकाटीचे आहेत. हात धुणे, रोग्याचे तोंड स्वच्छ ठेवणे, उशाकडील बाजू उंच ठेवणे, नळी शक्य तितक्या लवकर काढणे, कफ तपासून मगच औषध ठरविणे. यासाठी पुरेशा परिचारिका आणि जिल्ह्याच्या ठिकाणी सुसज्ज प्रयोगशाळा हवी. यंत्राच्या उद्घाटनाला फीत असते, हात धुण्याला नसते. म्हणून अंदाजपत्रकात यंत्र बसते आणि माणूस राहून जातो.

दुसरी बाजू गावातली आहे. शेजारच्या गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी १९८८ साली सुरू केलेल्या प्रयोगात प्रशिक्षित ग्रामीण कार्यकर्त्यांनी बालकांचे श्वास मोजून न्यूमोनिया ओळखला आणि गावातच साधे प्रतिजैविक दिले. या गावांत पाच वर्षांखालील दर हजार बालकांमागे न्यूमोनियाचे मृत्यू ८.१ होते; तुलनेच्या गावांत ते १७.५ होते.

गावात गरजूला तेच औषध वेळेवर, आणि रुग्णालयात विनाकारण कोणालाही नाही, असा हा दुहेरी धडा आहे. आज नेमके उलट घडते: जिथे हवे तिथे औषध पोचत नाही आणि जिथे नको तिथे त्याचा सडा पडतो. वाटपाचा हा दोष औषधशास्त्राने सुटणार नाही. तो शासनाच्या अग्रक्रमानेच सुटेल.