शंभरातल्या नव्वदांचं काय?

बाहेरच्यांना येडशी माहीत असते ती रामलिंगच्या देवळामुळे, अभयारण्यामुळे. तिथल्या एका मुलीने मला शेजारच्या घराची गोष्ट सांगितली. एका खोलीत झोपणारी पाच माणसं. क्षय झाला तो एकालाच. "बाकीच्यांना का नाही झाला?" हा प्रश्न घेऊन ती धाराशिवच्या विद्यापीठ उपपरिसरातून जैवतंत्रज्ञानात एम.एस्सी. झाली आणि आता पुण्यात संसर्ग आणि प्रतिकारशक्ती यांवर संशोधन करते. त्या प्रश्नामुळेच मी तिचं काम बघायला गेलो.

निरोगी माणसाचं रक्त आधी पातळ करून घेतात. कसोटी लागते ती पुढे. नळीच्या तळाशी फायकोल नावाचा पाण्यासारखा स्वच्छ, पण जड द्रव असतो. त्यावर रक्त सोडायचं आणि मिसळू मात्र द्यायचं नाही. तिने नळी तिरकी धरली, पिपेटचं टोक आतल्या बाजूला टेकवलं आणि रक्त हळूहळू ओघळू दिलं. दोन्ही द्रवांमधली रेघ जरासुद्धा हलली नाही. मग अर्धा तास सेंट्रीफ्यूज. यंत्र थांबवताना ब्रेक बंद ठेवायचा. "ब्रेक लागला की रिंग विस्कटते," ती म्हणाली.

नळी बाहेर आली. खाली तांबड्या पेशींचा गाळ, वर पिवळसर प्लाझ्मा आणि मध्ये सायीसारखा पांढुरका, पातळ थर. हीच ती रिंग. रोगाशी लढणाऱ्या लिम्फोसाइट आणि मोनोसाइट पेशी याच थरात असतात. ती मोनोसाइट वेगळ्या काढून आठवडाभर वाढवते. त्यांच्यापासून जंतू गिळणाऱ्या मॅक्रोफेज पेशी तयार होतात. रॉबर्ट कॉख यांनी क्षयाचा जंतू शोधला १८८२ साली. तो जंतू ज्या पेशीने गिळला तिच्याच पोटात लपून राहतो, पचत नाही. तरीही जंतू अंगात शिरलेल्या शंभरांपैकी फार तर पाच-दहा जणांनाच पुढे कधी तरी क्षय होतो. उरलेल्या नव्वदांच्या पेशी त्याला कसं दाबून धरतात, हे तिला शोधायचंय.

शंभरातले पाच-दहा. हा आकडा माझ्या डोक्यातून जात नाही, कारण त्या पाच-दहांत जाण्याचा धोका कुपोषित, मधुमेही किंवा एचआयव्हीबाधित माणसांना जास्त असतो. झारखंडमध्ये क्षयरुग्णांच्या घरच्यांना तांदूळ, डाळ आणि जीवनसत्त्वांच्या गोळ्या दिल्या, तर त्यांच्यात क्षयाचं प्रमाण ३९ टक्क्यांनी घटलं. २०२३ मध्ये 'लॅन्सेट'ने हा अभ्यास छापला. ताटातलं अन्न त्या पांढऱ्या थरापर्यंत पोचतं, ते असं.

गावाकडे तिला विचारतात, "नोकरी कधी लागणार?" तिची शिष्यवृत्ती प्रकल्पापुरतीच आहे. इतक्या मोलाच्या कामाला इतका तात्पुरता आधार असावा, हे मला पटत नाही.

आणि घरात कुणाचा खोकला दोन आठवड्यांहून जास्त टिकला, तर सरकारी दवाखान्यात थुंकी तपासून घ्या. तपासणी आणि औषधं, दोन्ही मोफत आहेत.