वग रंगतो कसा?

अवसरी खुर्दहून पुणे-नाशिक रस्त्याने उत्तरेला निघालं की मंचरनंतर नारायणगाव येतं. यात्रांच्या हंगामात इथे तमाशा फडांच्या राहुट्या पडतात नि गावोगावचे लोक सुपारी द्यायला येतात.

तमाशात गण, गौळण, बतावणी झाली की वग, म्हणजे कथानाट्य, सुरू होतो, तोही रात्र चढल्यावर. तरी माणसं उठत नाहीत. दादू इंदुरीकरांनी गाजवलेल्या ‘गाढवाचं लग्न’ या वगात बोलणारं गाढव थेट राजकन्येला मागणी घालतं. आता राजा काय करणार? हे कळेपर्यंत पाय निघत नाही. त्यात सोंगाड्या मध्येच गावातल्या गोष्टीवर कोटी करतो आणि राजवाड्यातली भानगड आपल्या पारावरची होते.

पारंपरिक वगाचे संवाद बरेचदा लिहिलेले नसत. प्रेक्षक चुळबुळला की कसलेला नट प्रसंग आवरता घेई. हे कसब फार मोलाचं.

यंदा यात्रेत वग असेल, तर शेवटपर्यंत बसाच.