चुकलेली पळी

परवा आमच्या बचत गटाची बैठक होती. हप्ते गोळा झाले, वहीवर सह्या झाल्या, चहा आला. पण एक जण काही केल्या कप हातात घेईना. डोळे रडून सुजलेले. खोदून खोदून विचारलं तेव्हा कळलं, मार्गशीर्षातल्या गुरुवारी तिने उपास धरला होता आणि मुलाच्या ताटात उरलेला पोळीचा तुकडा सवयीने तोंडात टाकला. दोन दिवसांनी मुलगा तापाने फणफणला. ''ताई, माझ्यामुळेच झालं हो,'' म्हणून ती स्वतःला बोल लावत होती. डॉक्टरांनी रक्त तपासून तापाचं कारण सांगितलं होतं, औषधही चालू होतं. पण सासूबाई जे बोलल्या, ते तिच्या मनातून जाईना.

काय सांगावं ते मला चटकन सुचेना. 'असं काही नसतं गं' एवढ्याने भागणारं नव्हतं. मग मला आमच्या शेजारच्या मावशी आठवल्या आणि त्यांची ती पळी!

२००३ साली लग्न होऊन मी रायगड जिल्ह्यातल्या या गावात आले. शेजारचं घर बेने इस्रायलांचं, म्हणजे आपल्या कोकणातल्या यहुदी मंडळींचं. फार पूर्वी अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटलं, त्यातून सात पुरुष आणि सात बायका वाचल्या आणि त्यांचा हा वंश, असं ते परंपरेने सांगतात. तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी काम बंद ठेवायचे, म्हणून गावकरी त्यांना 'शनवार तेली' म्हणत. आडनावं पेणकर, रोहेकर, किहिमकर अशी गावांवरून पडलेली. बोलणं आपल्यासारखंच मराठी, नेसणं लुगडंच. मावशी तेव्हा साठीच्या पुढे होत्या. काका वारलेले, मुलगा-सून इस्रायलमध्ये अश्दोदला. एकट्याच राहायच्या, पण घराला शिस्त कडक.

एकदा मावशींना ताप आला. मी म्हटलं, तुम्ही पडून राहा, आजचं मी बघते. आदल्या दिवशी हज्जन, म्हणजे त्यांच्या प्रार्थना सांगणारे, येऊन गेले होते. त्यांच्या धर्माप्रमाणे कापलेलं मटण आमच्या गावात रोज कुठे मिळणार? म्हणून ते आलं की मावशींना सणच वाटायचा. मी नारळाचं दूध घालून दोन वाट्या पातळ कालवण केलं. गाईम्हशीचं दूध मटणात चालत नाही, एवढं मला माहीत होतं. पण फळीवर टांगलेली पळी मी उचलली, ती नेमकी दुधाची! सकाळीच तिने गरम दूध ढवळलं होतं. मावशी उठून दाराशी आल्या, पातेल्यातली पळी बघितली आणि तशाच उभ्या राहिल्या.

माझ्या पोटात गोळा आला. नवी नवरी मी, परक्याचं घर, आणि मी त्यांचा धर्म बाटवला की काय! आता बोलणी बसणार म्हणून मान खाली घातली. मावशींनी आधी गॅस बंद केला. मग शांतपणे म्हणाल्या, ''अगो, रडतेस कशाला? तुला मी सांगितलंच कुठे होतं? बस आधी.''

मग त्यांनी हज्जनना फोन लावला. पलीकडून प्रश्नांवर प्रश्न. पळी कशाची, स्टीलची की लाकडाची? दुधात शेवटची कधी घातली होती? कालवण उकळत होतं का? पळी किती बुडाली? पातेल्यात एकूण किती होतं? मला तर डॉक्टर पेशंटला विचारतात तसंच वाटलं. 'कोणी केलं' आणि 'का केलं' हे मात्र त्यांनी विचारलंच नाही.

नंतर मावशींनी मला हिशोब समजावला. चुकून दुधाचा थेंब मटणाच्या भांड्यात पडला आणि भांड्यातलं अन्न त्या थेंबाच्या साठपट असेल, तर तो थेंब नसल्यासारखा धरतात. मुद्दाम थेंब टाकून साठपटीचा आधार घ्यायचा म्हटलं तर चालत नाही. चुकीला सवलत आहे, लबाडीला नाही. पळीचंही तसंच. ती चोवीस तासांत गरम दुधाला लागली असेल तर तिचा जेवढा भाग बुडाला, त्याच्या साठपट अन्न हवं. दोन वाट्या कालवणाचं गणित काही जमेना. म्हणजे कालवण गेलं!

मी म्हटलं, ''मावशी, मी घरी नेते, आमच्याकडे चालतं.'' त्या म्हणाल्या, ''नाही पोरी. दूध-मटण एकत्र शिजलं की त्याचा कसलाच फायदा घ्यायचा नसतो. विकायचं नाही, द्यायचं नाही, कुत्र्यालासुद्धा घालायचं नाही.'' इतक्या दिवसांनी मिळालेलं मटण त्यांनी टाकून दिलं आणि तापाच्या तोंडाने चटणी-भाकरी खाल्ली. पळी आणि पातेलं घासून चोवीस तास बाजूला ठेवलं. दुसऱ्या दिवशी पातेल्यात काठोकाठ पाणी उकळून उतू जाऊ दिलं, पळीही उकळत्या पाण्यात पूर्ण बुडवली, मग थंड पाण्याने धुतली. झालं! भांडी पुन्हा कामाला लागली. मातीचं भांडं असतं तर मात्र ते शुद्ध होत नाही, टाकूनच द्यावं लागतं.

त्या संध्याकाळी त्यांनी आणखी एक गोष्ट केली. मटणाच्या पळ्यांना लाल दोरा बांधला आणि दुधाच्या पळ्यांना पांढरा. ''चूक झाली ना, मग ती परत होऊ नये एवढं बघायचं. रडून काय पळी शुद्ध होते?'' हे त्यांचं वाक्य माझ्या कायमचं लक्षात राहिलं.

पुढे आमच्या गप्पा वाढल्या तशी मला या धर्मातली बारीक नजर कळत गेली. त्यांच्याकडे चुकीचे प्रकारच वेगळे धरतात. मुद्दाम केलेलं वेगळं, नकळत झालेलं वेगळं आणि नाइलाजाने घडलेलं तर अगदीच वेगळं. तोरामध्ये, म्हणजे त्यांच्या मूळ धर्मग्रंथात, नकळत झालेल्या पापासाठी निराळा बळी सांगितलेला आहे. इ. स. ७० मध्ये रोमनांनी जेरुसलेमचं मंदिर पाडलं, तेव्हापासून बळी बंद झाले. त्यांची जागा प्रार्थनेने, दानधर्माने आणि पश्चात्तापाने घेतली. नकळत झालेल्या चुकीचीही जबाबदारी असते, कारण आपण जास्त लक्ष द्यायला हवं होतं. पण नाइलाज होता तिथे दोष नाही.

युरोपातल्या यहुदी बायकांची एक रीत ऐकून तर मला गंमत वाटली. शुक्रवारी सूर्य मावळायच्या आत घरच्या बाईने शब्बाथचे दिवे लावायचे. एखाद्या आठवड्यात विसरली, तर तिथून पुढे दर शुक्रवारी एक दिवा जास्त लावायचा. म्हणजे विसरल्याची शिक्षा काय, तर घरात एक उजेड जास्त! आणि बाळंतपणामुळे किंवा आजारपणामुळे दिवा राहिला, तर तेवढंही नाही. तो विसर नव्हताच, नाइलाज होता.

अशा वाटा त्यांनी जागोजागी ठेवल्या आहेत. जेवणाआधीची प्रार्थना विसरली आणि मधेच आठवली, तर तिथे थांबून म्हणायची आणि उरलेलं जेवायचं. उपासाच्या दिवशी चुकून काही तोंडात गेलं, तर 'आता मोडलाच उपास' म्हणून ताटावर बसायचं नाही. आठवलं त्या क्षणापासून उपास पुढे चालू. अंड्यात रक्ताचा ठिपका निघाला तर ते अंडं टाकायचं. म्हणून मावशी प्रत्येक अंडं आधी वाटीत फोडून बघायच्या, म्हणजे सगळं मिश्रण वाया जात नाही. पेसाहचा सण वेळेवर करता आला नाही, अशांसाठी तोरामध्येच महिनाभराने दुसरी तारीख दिलेली आहे. प्रेताला शिवल्यामुळे किंवा लांबच्या प्रवासामुळे ज्यांचा सण हुकला, त्यांच्यासाठी ती सोय होती.

पण मैत्रिणींनो, या सगळ्यात मला हलवून गेली ती एका पावाच्या तुकड्याची गोष्ट.

पेसाहच्या दिवसांत त्यांच्या घरात खमीर आलेला पदार्थ ठेवत नाहीत. आधी घर झाडून-पुसून काढायचं. पूर्वी तर भिंतींना चुना आणि तांब्या-पितळेच्या भांड्यांना कल्हई व्हायची. आदल्या रात्री दिवा घेऊन कानाकोपरा शोधायचा. एवढं करूनही माणसाची नजर ती, काहीतरी राहणारच. म्हणून शेवटी म्हणायचं, की माझ्या घरात मला न दिसलेलं जे काही खमीर असेल ते मातीमोल समजा. हे शब्द आपल्याला कळतात त्या भाषेत म्हणावेत, असंही सांगितलेलं आहे.

एका वर्षी, सणाच्या पहिल्याच दिवशी, मावशींच्या नातीच्या दप्तरात पावाचा तुकडा सापडला. काकांनी काय केलं? त्यावर एक भांडं पालथं घातलं. सणाच्या त्या दोन दिवसांत तो जाळता येत नव्हता. दोन दिवस सरल्यावर तुकडा जाळून टाकला. धर्माच्या लेखी प्रकरण मिटलं. पण मावशी मिटवायला तयार नव्हत्या. दहा पाहुण्यांसमोर सुनेला म्हणाल्या, ''तुझ्या आईने तुला हेच शिकवलं काय?'' सून काही बोलली नाही. १९९८ मध्ये मुलगा-सून इस्रायलला गेले. फोन यायचे, पैसे यायचे. पण सून फोनवर 'बऱ्या आहात ना?' याच्या पुढे जायची नाही.

मला हे मावशींनी सांगितलं ते २००६ साली, दारफाळणीच्या सणाआधी. योम किप्पूरला इथले बेने इस्रायल पूर्वीपासून 'दारफाळणीचा सण' म्हणतात. दारं लावून घ्यायची, अन्नपाणी वर्ज्य, सगळा दिवस प्रार्थनेत. दुसऱ्या दिवशी 'शिळा सण', त्या दिवशी एकमेकांकडे जायचं, दानधर्म करायचा. मावशी म्हणाल्या, ''या दिवशी देवाच्या बाबतीतल्या चुका देव माफ करतो. पण माणसाचं मन दुखवलं असेल तर देव मधे पडत नाही. आधी त्या माणसाकडे जा, त्याची समजूत काढ, मग माझ्याकडे ये म्हणतो. तुझ्या पळीला मी हसून सोडलं गं, आणि माझ्याच सुनेला पावाच्या तुकड्यासाठी आठ वर्षं लटकवून ठेवलं. चूक तिची नव्हतीच, चूक माझ्या जिभेची होती. आणि ती काही नकळत झाली नव्हती.''

त्यांनी फोन लावला तेव्हा मी उठून जायला लागले, तर हाताला धरून बसवलं. बहुतेक त्यांना धीर हवा होता. सासू सुनेची माफी मागते आहे, हे मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं. पलीकडे बराच वेळ काही आवाज नाही. मग सून म्हणाली, ''आई, तो पाव मी केव्हाच विसरले. तुमचा शब्द तेवढा विसरता येत नव्हता.'' मग दोघी रडल्या. फोन ठेवताना सून म्हणाली, ''इकडे याल तेव्हा मलिद्याला आपल्याकडचे पोहे घेऊन या. इथे तसे मिळत नाहीत.'' मावशींनी मला आलेपाकाच्या वड्या करायला बसवलं, इतक्या त्या हलक्या झाल्या होत्या!

त्याच वर्षीची आणखी एक गोष्ट सांगायलाच हवी. मावशींना मधुमेह होता, इन्शुलिन चालू होतं. त्यांना योम किप्पूरचा कडकडीत उपास करायचाच होता. डॉक्टरांनी नको म्हटल्यावर हज्जननीही निक्षून सांगितलं, की जिवाला धोका असेल तर खाणं हाच धर्म आहे. थोडं थोडं, वेळाने वेळाने खा, पण खा. जीव वाचवण्यासाठी शब्बाथही मोडतात, आणि त्याला ते चूक समजतच नाहीत. आपल्यातल्या ज्या ताई-माई गोळ्या टाळून निर्जळी करतात, त्यांनी हे जरूर ध्यानात घ्यावं.

२०१४ मध्ये मावशी कायमच्या अश्दोदला गेल्या, सुनेच्याच घरी. जाताना भांडीकुंडी वाटली. पांढऱ्या दोऱ्याची ती पळी त्यांनी मुद्दाम मला दिली. दोरा आता मळकट झालाय, पण मी सोडलेला नाही.

बैठकीत हे सगळं सांगून झालं तेव्हा ती मुलगी डोळे पुसून ऐकत होती. मी म्हटलं, ''नकळत घास गेला, आठवल्यावर थांबलीस, संपलं. पुढच्या गुरुवारी ताट उचलताना लक्ष दे. आणि मुलाच्या औषधाची वेळ चुकवू नकोस, ते जास्त महत्त्वाचं.'' तिने गार झालेला चहा एका घोटात संपवला.

मग जरा वेळाने मला विचारलं, ''ताई, हे माझ्या सासूबाईंना येऊन सांगाल?''

उद्या दुपारी मी त्यांच्याकडे जाणार आहे. जाताना ती पळीही बरोबर नेईन म्हणते.