नम्रता, दुःखभोग आणि टिळक दांपत्य

ख्रिस्ती परंपरेत नेतृत्व म्हणजे सेवा आणि शिष्यत्व म्हणजे त्या सेवेपोटी येणारे दुःख स्वीकारणे, असे मानले जाते. शिष्यांचे पाय धुणारा येशू हा या विचाराचा आदर्श होय. मराठीत हा विचार रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१-१९१९) यांच्या चरित्रात अभ्यासता येतो. १८९५ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि आप्तांचा आधार तुटला. १९१७ मध्ये मिशनची पगारी नोकरी सोडून त्यांनी ‘देवाचा दरबार’ उभारला. बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही तेथे स्थान होते.

येथे एक भेद लक्षात घ्या. टिळकांनी आपले दुःख स्वतः निवडले होते. लक्ष्मीबाईंवर ते पतीच्या निर्णयामुळे ओढवले. काही वर्षांच्या ताटातुटीनंतर त्या पतीकडे परतल्या आणि पुढे स्वतःच्या विचाराने ख्रिस्ती झाल्या. ‘स्मृतिचित्रे’मध्ये त्या हा काळ कटुतेविना, विनोदबुद्धीने सांगतात, तरी त्याची झळ लपवीत नाहीत. म्हणून नेत्याच्या त्यागाचे मूल्यमापन करताना त्याची किंमत घरात कोणी मोजली, हेही तपासावे. नम्रतेचा खरा कस तेथेच लागतो.