उष्णतेनंतर सावरणारे जनुक : वाराणसीतील एक प्रदीर्घ संशोधन

बनारस हिंदू विद्यापीठाचे नाव पूर्व उत्तर प्रदेशातील शेतकऱ्यांना परिचित आहे ते 'मालवीय 234' या गव्हाच्या वाणामुळे. उशिरा पेरणीसाठी हा वाण तेथे दीर्घकाळ लोकप्रिय राहिला. त्याच विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र विभागात प्रा. सुभाषचंद्र लखोटिया यांनी उष्णतेचा प्रश्न एका माशीवर अभ्यासला. ही माशी म्हणजे ड्रोसोफिला, अर्थात पिकलेल्या केळ्यांभोवती जमणारी बारीक चिलटे. आंब्याच्या बागेत सापळे लावून पकडली जाणारी फळमाशी निराळी.

ड्रोसोफिलाच्या अळीच्या लाळग्रंथीतील गुणसूत्रे इतकी मोठी असतात की ती साध्या सूक्ष्मदर्शकाखालीही दिसतात. डीएनएचा धागा हिस्टोन नावाच्या प्रथिनांभोवती गुंडाळलेला असतो. या गुंडाळीला क्रोमॅटिन म्हणतात. घट्ट गुंडाळलेला भाग सहसा मूक राहतो, सैल झालेला भाग वाचला जातो. डीएनएचा मजकूर न बदलता त्याचे वाचन बदलणाऱ्या अशा व्यवस्थांचा अभ्यास म्हणजे एपिजेनेटिक्स. हा शब्द आज सर्वतोमुखी आहे. तो तसा होण्यापूर्वीच, 1969 साली, लखोटिया व त्यांचे कोलकाता येथील मार्गदर्शक प्रा. ए. एस. मुखर्जी यांनी दाखवले, की नर माशीतील एकमेव एक्स गुणसूत्र अधिक सक्रिय होऊन मादीतील दोन एक्स गुणसूत्रांची बरोबरी साधते.

पुढील कामाचा धागा इटालियन शास्त्रज्ञ फेरुच्चो रितोस्सा यांच्या 1962 च्या निरीक्षणाशी जुळतो. अळ्यांना अधिक तापमान दिले असता गुणसूत्रावर ठरावीक ठिकाणी फुगवटे येतात. त्या जागी क्रोमॅटिन सैल होऊन जनुके कामाला लागलेली असतात. बहुतेक फुगवट्यांतून उष्णतेपासून बचाव करणाऱ्या प्रथिनांचे संदेश निघतात. '93डी' या जागेचा फुगवटा मात्र वेगळा निघाला. बेंझामाइड या रसायनाने तो एकटाच फुगतो, हे लखोटिया व मुखर्जी यांनी 1970 मध्ये नोंदवले. येथील जनुकातून, म्हणजे 'एचएसआर-ओमेगा'मधून, आरएनए मुबलक निघतो. पण नेहमीच्या अर्थाने त्यापासून प्रथिन तयार होत नाही. प्रथिन नाही म्हणजे काम नाही, असे समजण्याचा तो काळ होता. 1976 मध्ये वाराणसीत आल्यानंतरही लखोटिया यांनी या जनुकाचा पाठपुरावा सोडला नाही. या चिकाटीचे मोल सहज ध्यानात येत नाही. निरुपयोगी वाटणाऱ्या जनुकावर विद्यार्थ्यांच्या पिढ्या कामाला लावणे, हे धाडसच होते.

2000 साली त्यांच्या प्रयोगशाळेने केंद्रकातील 'ओमेगा स्पेकल्स' हे सूक्ष्म ठिपके वर्णिले. हा आरएनए, इतर संदेशांची जडणघडण करणाऱ्या प्रथिनांना या ठिपक्यांत साठवून ठेवतो. ते पेशीचे कोठारच म्हणावे. उष्णतेचा आघात होताच ही प्रथिने '93डी'पाशी गोळा होतात आणि तापमान उतरल्यावर पुन्हा आपापल्या जागी परततात. 2012 मधील शोधनिबंधाने यातील मर्म उघड केले. हा आरएनए फार कमी झाला किंवा फार वाढला, तर माशीची उष्णता सोसण्याची क्षमता घटते. एचपी1 हे क्रोमॅटिनचे प्रथिन व आरएनए घडवणारे विकर यांचे पूर्वस्थितीवर येणेही लांबते. म्हणजे आघात झेलण्याइतकेच त्यातून वेळेवर सावरणे महत्त्वाचे ठरते.

शेतीच्या दृष्टीने हा मुद्दा दूरचा नाही. मार्च 2022 हा 1901 पासूनच्या नोंदींतील देशातील सर्वांत उष्ण मार्च ठरला आणि दाणे भरण्याच्या अवस्थेतील गव्हाला त्याची झळ बसली. माशीचे हे जनुक गव्हात शोधू नये. उष्णता-आघात प्रथिने मात्र वनस्पती व प्राणी दोहोंत आढळतात. प्रथिन न घडवणारा आरएनए वनस्पतींतही कार्यरत असतो. अरॅबिडॉप्सिस या मोहरीवर्गीय वनस्पतीत थंडीच्या काळात असे आरएनए व क्रोमॅटिन मिळून फुलोरा रोखणारे 'एफएलसी' जनुक बंद करतात. थंडी सरली तरी ते बंदच राहते, आणि मग फुले येतात.

उष्णतेच्या लाटेत गव्हाला हलके पाणी देण्याची शिफारस विस्तार कार्यकर्ते करतातच. वाणांची तुलना करताना लाटेच्या दिवशी पान किती कोमेजले, ही नोंद सहसा होते. लाट ओसरल्यावर कोणता वाण किती दिवसांत सावरला, याचा रकाना त्याच वहीत शेजारी आखता येईल.