कॅमेरा कोणता घ्यावा : शिकाऊ की व्यावसायिक?



शाळेसाठी एक चांगला कॅमेरा घ्यावा, अशी मागणी आली आहे. मुलांना लग्नात फोटोग्राफरच्या हातात दिसतो तसा मोठा कॅमेरा हवा आहे. विश्वस्तांचा प्रश्न साहजिकच पैशांचा आहे. काही पालक घरच्या मुलासाठीही विचारणा करतात. म्हणून हा विषय सर्वांपुढे मांडत आहे.

छायाचित्रण पेडण्याला नवे नाही. मांद्रे गावचे सुपुत्र डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे मुंबईतील आरंभीच्या भारतीय छायाचित्रकारांपैकी एक होते. १८५४ साली स्थापन झालेल्या तेथील फोटोग्राफिक सोसायटीत त्यांनी काम केले. त्या काळी काचेवर रसायन लावून, ते ओले असतानाच फोटो घ्यावा व धुवावा लागे. आज साधने सोपी झाली, पण प्रकाश ओळखण्याची नजर तेव्हाइतकीच लागते.

आता फरक पाहू. कॅमेऱ्यात प्रकाश टिपणारा भाग म्हणजे सेन्सर. व्यावसायिक कॅमेऱ्यात तो बहुधा ३६ × २४ मिलिमीटरचा असतो. शिकाऊ कॅमेऱ्यातील सेन्सरपेक्षा त्याचे क्षेत्रफळ सुमारे अडीच पट भरते, त्यामुळे अंधारातही चित्र स्वच्छ येते. शिवाय व्यावसायिक कॅमेऱ्याची बांधणी मजबूत असते आणि बहुतेकांत दोन मेमरी कार्डे बसतात. एक कार्ड बिघडले तरी लग्नाचे फोटो वाचतात. ज्याचे पोट त्यावर आहे, त्याला हा खर्च परवडतो.

खर्च किती? शिकाऊ कॅमेरा सोबतच्या लेन्ससह साधारण पन्नास ते पंचाहत्तर हजारांत मिळतो. मोठ्या सेन्सरचा व्यावसायिक कॅमेरा नुसताच दोन लाखांच्या आसपास जातो, सर्वांत वरचे त्याच्या दुपटीहून महाग आहेत. त्याला शोभेल अशी लेन्स घेतली की आणखी लाख-दीड लाख. बॅटरी, कार्ड, तिवई वेगळी. अंथरूण पाहून पाय पसरावेत, हे येथेही खरे.

'जास्त मेगापिक्सेल म्हणजे चांगला फोटो' हा समज मात्र सोडावा. ए-फोर आकाराच्या उत्तम छपाईला सुमारे पावणेनऊ मेगापिक्सेल पुरतात. आजच्या शिकाऊ कॅमेऱ्यांत त्याच्या दुपटीहून अधिक असतात. आपले वार्तापत्र आणि भित्तिपत्रक यांना ते भरपूर झाले.

खरी अडचण रात्रीची आहे. पेडण्याची पुनव, शिरगावच्या लईराईचे होमकुंड, देवळापुढचा दशावतार, आपले बहुतेक सोहळे रात्रीच रंगतात. कॅमेऱ्यासोबत मिळणाऱ्या लेन्सचे छिद्र तेथे अपुरे पडते. लेन्सवरील 'एफ'चा आकडा जितका लहान, तितके छिद्र मोठे. सोबतची लेन्स ५५ मिमीवर एफ ५.६ असते. एफ १.८ ची ५० मिमी लेन्स तिच्यापेक्षा नऊ-दहा पट प्रकाश आत घेते आणि दहा ते वीस हजारांत येते. म्हणजे लाखोंच्या कॅमेऱ्यापेक्षा ही एक लेन्स आपल्या अधिक उपयोगाची. तिला झूम नाही, एवढे ध्यानात ठेवावे. जवळ-दूर स्वतःच्या पायांनी व्हायचे.

आणखी एक खर्च गोव्यात चुकत नाही. पावसाळ्यातील दमट हवेत लेन्सच्या काचेवर बुरशी धरते. ती आत पसरली की लेन्स वाया जाण्याची भीती असते. चामड्याच्या पिशवीत कॅमेरा बंद ठेवू नये. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावा, पुड्या वेळोवेळी बदलाव्यात. मोरजी-हरमलच्या किनाऱ्यावर नेल्यास परतल्यावर खारा ओलावा मऊ कापडाने पुसावा. खरेदी नेहमी बिल व वॉरंटी घेऊनच करावी.

पालकांना सुचवावेसे वाटते की, मुलाला आधी घरातल्या मोबाइलवर वर्षभर फोटो काढू द्यावेत. आवड टिकली तर शिकाऊ कॅमेरा घ्यावा. त्यापुढचा कॅमेरा त्याने स्वतःच्या कमाईतून घ्यावा. केवळ कॅमेऱ्यासाठी कर्ज काढू नये.

शाळेसाठी माझा प्रस्ताव असा : एक शिकाऊ कॅमेरा, एफ १.८ ची लेन्स, तिवई आणि कोरडा डबा. हे सारे एक लाखाच्या आत बसते. नोंदवहीत सही करून तो मुलांच्या हाती द्यावा. आपल्या गावांतील वयस्क दशावतारी, घुमट वाजवणारे, जुनी घरे यांचे फोटो नाव, गाव आणि तारखेसह त्यांनी जमवावेत. ही माणसे आणि घरे आपल्यासाठी थांबणार नाहीत. कॅमेरा कपाटात कुलूपबंद राहिला, तर स्वस्तातलाही महागच पडेल. विश्वस्तांनी याचा विचार करावा, ही नम्र विनंती.

— मुख्याध्यापक