चवदार तळ्याचा पाठ आणि मुलांचा अर्थ

आपल्या संस्थेच्या रविवारच्या अभ्यासवर्गात दरवर्षी महाडच्या सत्याग्रहाचा पाठ होतो. तारीख विचारली की सगळे हात वर. २० मार्च १९२७. मुले सहसा चुकत नाहीत. जयंतीच्या भाषणांतून हे लहानपणापासून त्यांच्या कानांवर पडलेले असते. परंतु पाठाचा मध्यवर्ती विचार कोणता, असे विचारले की 'समता' एवढा एकच शब्द येतो आणि गाडी तिथेच थांबते. शब्द बरोबर आहे, गुणही मिळतील. पण तो अजून मुलांचा स्वतःचा झालेला नसतो.

शिकवणारे अर्थ आधीच सांगून मोकळे होतात, हे याचे एक कारण आहे असे आम्हांस वाटते. त्याऐवजी घटनांचा क्रम फळ्यावर लिहावा. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदे कौन्सिलात सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला. सार्वजनिक निधीतून बांधलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना वापरू द्याव्यात, असा तो ठराव. १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने तळे खुले केल्याचा ठराव केला. बाबासाहेबांनी हजारो अनुयायांसह ते पाणी ओंजळीत घेतले १९२७ साली. इथे खडू खाली ठेवून विचारावे : मधल्या तीन वर्षांत तळे खुले होते की बंद?

वर्ग एकदम जागा होतो. काही म्हणतात खुले, काही म्हणतात बंद. हा वाद मिटवण्याची घाई करू नये. ठरावाने मिळालेला हक्क बजावल्यावाचून हाती येत नाही, हे मुलांना त्या भांडणातूनच उमगते.

मग पुढचा प्रश्न. तुमच्या पाहण्यात असे खुले असूनही बंद काय आहे? एका मुलीने लिहिले, वाचनालय सर्वांचे, पण संध्याकाळी तिथे एकही मुलगी बसत नाही. एकाने लिहिले, वडिलांचे बँकेत खाते आहे, पण ते खिडकीपाशी जाऊन विचारत नाहीत, मुलगा येईपर्यंत दाराशी उभे राहतात. बँकेत नोकरी करताना अशी माणसे आम्ही रोज पाहतो. त्या मुलाने त्यांचा संबंध महाडशी जोडला.

एक पथ्य मात्र कटाक्षाने पाळावे. उत्तर वहीत लिहू द्यावे, वर्गात उभे करून वदवून घेऊ नये. घरचा अपमान चारचौघांत सांगायला लावणे म्हणजे शिक्षण नव्हे.

आणि स्वतःचा अर्थ म्हणजे वाटेल तो अर्थ, असेही नाही. 'दादा मला मोबाईल देत नाही' असे एका पठ्ठ्याने लिहिले होते. आम्ही एवढेच विचारले, मोबाईल सार्वजनिक आहे काय? त्याने हसत ओळ खोडली. दुसऱ्याने लिहिले, लोकांना तहान लागली म्हणून सत्याग्रह झाला. त्याला परत फळ्याकडे पाहायला सांगितले. पाण्यासाठी नव्हे, माणूस म्हणून बरोबरीच्या हक्कासाठी लोक तळ्यावर गेले, हे त्याने स्वतःच दुरुस्त केले.

यानंतर पुढचा इतिहास सांगावा. पाणी प्यायल्यावर लोकांवर हल्ले झाले, तळ्याचे 'शुद्धीकरण' झाले, प्रकरण कोर्टात गेले आणि हायकोर्टाचा निकाल लागला १७ मार्च १९३७ रोजी. दहा वर्षे! हा आकडा ऐकून वर्ग गप्प होतो.

या पाठाला असे दोन रविवार लागतात. परीक्षेचे उत्तर दुसऱ्या रविवारी शेवटच्या पंधरा मिनिटांत लिहून घ्यावे.